जुन्या जीपचं दुखणं-खुपणं

डोंबिवलीत सोसायटीच्या आवारात गाडी उभी करायला जागा मिळणं हे भाग्याचं लक्षण मानतात. त्या जागेत एखादा गृहस्थ तिशी उलटलेली जीप उभी करत असेल, तर शेजारीपाजारी त्याच्या भाग्याविषयी न बोलता डोक्याविषयी बोलतात. आमच्याकडे १९९२ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. १९९६ मध्ये एका कंत्राटदाराकडून ती जुनीच घेतली. कारण सौ.चं माहेर मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला. डांबरी सडक सोडल्यावर शेतघरापर्यंतच्या दीड किलोमीटरात पावसाळ्यात रस्ता म्हणून काही उरतच नाही, नुसता चिखल. लावणीच्या दिवसांत तिथे खताची पोती, मजुरांचे डबे, तापाने फणफणलेलं पोर, जे काही न्यायचं-आणायचं ते याच जीपने नेलं-आणलं.

आता घरात वाद आहे तो ही जीप ठेवायची की भंगारात काढायची, यावर. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी करावी लागते आणि ती पुढे पाच-पाच वर्षांनी पुन्हा. आमची पाळी २०२७ मध्ये आहे. चारचाकीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे, तो वेगळाच. चिरंजीव पुण्याहून फोनवर हिशेब मांडतात आणि ‘बाबा, आता पुरे’ म्हणतात. आमच्या मिस्त्रींचं म्हणणं एवढंच की आधी तिला काय काय झालंय ते बघू, विकण्याचं मग बोला.

हे मिस्त्री कल्याणला पत्रीपुलाच्या अलीकडे पत्र्याच्या शेडखाली बसतात. वय सत्तरीच्या पुढे. हाताला आता थोडा कंप आहे, पण कान शाबूत. मी वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे यंत्राचं चित्र मला कळतं. यंत्राचा आवाज कळायला मात्र या शेडमधल्या स्टुलावर बरेच रविवार काढावे लागले. मिस्त्रींची मुलं या धंद्यात नाहीत. आजच्या गाडीला संगणक लावला की पडद्यावर बिघाडाचा आकडा येतो, त्यामुळे नव्या पोरांना कान लावायची गरज पडत नाही. जुन्या जीपला ती सोय नाही. मग होतं काय, की ‘हा पार्ट बदलून बघू, नाही झालं तर तो बदलू’ असा खेळ सुरू होतो आणि हजारो रुपये गेल्यावर बिघाड जागच्या जागी असतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी, वाड्यात किंवा शेतावर अशी एखादी जीप उभी असेल, त्यांच्यासाठी या शेडमधलं चार गोष्टींचं ज्ञान इथे मांडतो.

थोडं कुळाविषयी. जीप आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धातल्या लष्कराबरोबर. त्या काळी कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना जागा दिली गेली आणि १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. जुने कल्याणकर अजून ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतात ते त्यामुळेच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जुळवायला सुरुवात केली. पेट्रोलची जीप पुढे डिझेलवर गेली. आमच्या एमएम ५४० मध्ये जे इंजिन आहे ते प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेलं, नाव एक्सडीपी ४.९०. म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. गंमत अशी की १९९० च्या दशकात याच कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत, प्रीमियरच्या कारखान्यात, प्यूजो ३०९ ही मोटार बनत होती. ती मोटार फार वर्षं टिकली नाही. जीपमधलं प्यूजोचं इंजिन मात्र मुरबाड-शहापूरच्या रस्त्यांवर टपावर माणसं घेऊन वर्षानुवर्षं धावलं. असो.

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे ‘सकाळी चालू होत नाही’. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी जोराने दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. म्हणजे स्टार्टरने इंजिन झपाट्याने फिरवलं तरच ते सुरू होणार. फिरणं मंद असेल तर लोक आधी बॅटरी बदलतात. मिस्त्री आधी बॅटरीपासून चॅसीला आणि इंजिनापासून चॅसीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या बघतात. खाडीकाठच्या दमट हवेत त्यांच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते आणि वीज तिथेच अडते. पट्टी सोडायची, टोक आणि चॅसीची जागा काचकागदाने घासून चकचकीत करायची, बोल्ट आवळायचा, वरून थोडं ग्रीस लावायचं. शंभरातल्या किती गाड्यांचं दुखणं एवढ्यावर थांबतं ते मोजलेलं नाही, पण शेडमध्ये हा प्रयोग इतक्या वेळा पाहिला की नवी बॅटरी घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा मला आता पाठ झाला आहे.

स्टार्टर जोरात फिरतो आणि तरी इंजिन धरत नाही, असं असेल तर बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असते. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे त्या टप्प्यात बारीकसं भोक असलं तर बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही, पण हवा मात्र आत जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल मागे सरकतं आणि सकाळी पंप हवाच चघळत बसतो. ही हवा कुठून येते हे शोधायची मिस्त्रींची रीत फारच सुरेख आहे. वीतभर पारदर्शक प्लास्टिकची नळी ते लाइनमध्ये मध्येच जोडतात आणि इंजिन चालू ठेवून बघतात. बुडबुडे दिसले तर दोष नळीच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला. नाही दिसले तर पुढे. मग नळी एकेक सांधा पुढे-मागे सरकवायची. शेवटी हाती लागतो तो बहुतेक वेळा फिल्टरच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर, ज्याची किंमत चहाच्या कटिंगएवढी. वॉशर बदलल्यावर फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस जाऊन नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा.

धुराचं थोडक्यात सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी थोडा वेळ पांढरा धूर आणि थरथर असेल तर एखादा हीटर प्लग गेलेला असतो. पांढरा धूर थांबतच नाही आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होतं, तर हेड गास्केटची शंका घ्यावी आणि गाडी तिथेच थांबवावी. इंजिन तापण्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. शीळ रस्त्याच्या गर्दीत गाडी तापली की काही कारागीर थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. हा उपाय नव्हे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन मोकळ्या रस्त्यावर धड तापतच नाही, आणि थंड चालणारं डिझेल इंजिन लवकर झिजतं. तापण्याचं खरं कारण गाळाने बुजलेल्या रेडिएटरमध्ये नाहीतर सैल पडलेल्या पट्ट्यात असतं.

आता जिच्यासाठी ही गाडी घ्यायची ती गोष्ट, चारही चाकांची ताकद. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी छोटे दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना जोर मिळतो, दुसऱ्याने ‘लो’ लागतो, म्हणजे चाकांचा वेग साधारण अडीचपटीने कमी आणि जोर तितकाच जास्त. यातली सगळ्यात मोठी गैरसमजूत अशी की फोर बाय फोर लावली की गाडी अधिक सुरक्षित, म्हणून पावसाळाभर डांबरी रस्त्यावरही ती लावूनच ठेवायची. शाळेच्या संचलनात रांग वळते तेव्हा कडेचा मुलगा लांब ढांगा टाकतो आणि आतला जागच्या जागी पाय आपटतो, ते आठवा. गाडी वळताना पुढची चाकं मोठ्या वळणाने जातात, मागची आत कापून येतात. म्हणजे पुढच्यांना जास्त फिरायचं असतं. पण जुन्या जीपमध्ये फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. दोघांनी सारखंच फिरायचं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तेवढा फरक भरून निघतो. सुक्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, गिअरमध्ये आणि टायरमध्ये साठत जातो. स्टेअरिंग जड होतं, गाडी वळणावर अडखळते आणि शेवटी दांडा अडकून बसतो.

शेडमध्ये अशी गाडी आली की मालक घाबरलेला असतो. कुणीतरी त्याला ‘ट्रान्सफर केस उघडावी लागणार’ असं सांगितलेलं असतं. मिस्त्री पाना हातात घेत नाहीत. ते गाडीत बसतात, चाकं सरळ करतात, आठ-दहा फूट मागे घेतात आणि दांडा हलकेच ओढतात. मागे जाताना पीळ उलटा सुटतो आणि दांडा लोण्यातून निघाल्यासारखा निघतो. नाहीच निघाला तर पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं, ते झटकन उलटं फिरून पीळ सोडतं. मात्र त्या वेळी हात चाकापासून लांब हवेत. यानंतर मिस्त्री चारही टायर बघतात. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असतील तर त्यांचा घेर वेगळा, आणि मग सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरत राहतो. ‘फोर बाय फोर लागतच नाही’ ही उलटी तक्रारही येते. पुष्कळ जीपना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब बसवलेले असतात. आत दांडा लावला, पण खाली उतरून हब फिरवलेच नाहीत, तर जोर चाकापर्यंत जाणारच नाही. चिखलात उतरण्याआधी ते फिरवून घ्यावेत, रुतल्यावर ते चिखलाखाली असतात. आणि वर्षातले दहा महिने फोर बाय फोर लागत नसली तरी महिन्यातून एकदा, एखाद्या कच्च्या रस्त्यावर, दोन-चार किलोमीटर ती लावून चालवावी. पुढच्या अ‍ॅक्सलच्या आतल्या भागांना वंगण पोचतं ते फिरण्यामुळेच.

दुसरं नावाजलेलं दुखणं म्हणजे थरथर. साठच्या आसपास वेग गेला, रस्त्यात एखादा खड्डा लागला, की पुढची चाकं डावी-उजवीकडे इतकी धडधडायला लागतात की स्टेअरिंग हातात राहत नाही. पहिल्यांदा अनुभवणारा माणूस देवाचं नाव घेतो. त्या वेळी जोराने ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग हळूहळू उतरू द्यावा. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘स्टेअरिंग बॉक्स बदला’. मिस्त्रींचा क्रम वेगळा. आधी चारही टायरची हवा. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि आडवं हलवायचं. वर-खाली खुळखुळलं तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन, आडवं खुळखुळलं तर टाय रॉडचे सांधे. मग पाट्यांचे बुश आणि शॅकल. स्टेअरिंग बॉक्स सगळ्यात शेवटी.

यात किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे वळतं ती, बहुतेकदा खरी गुन्हेगार निघते. तिच्या वर-खाली बेअरिंग असतात आणि झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या शिम. एखादी शिम कमी केली की पकड घट्ट होते, जास्त केली की सैल. किती घट्ट हवं याचं मोजमाप आहे. विलीजच्या जुन्या पुस्तिकेप्रमाणे सील सोडवून, काट्याच्या हुकाने ओढून बघायचं. १२ ते १६ पौंडांच्या ओढीला ते वळायला हवं, म्हणजे साडेपाच ते सव्वासात किलो. आमचे मिस्त्री त्यासाठी शेजारच्या रद्दी-भंगारवाल्याचा लटकता काटा मागून आणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो. काटा सहा किलोवर थांबला, झाकण बसलं, आणि ज्या जीपसाठी कुर्ल्याच्या बाजारातून जुना स्टेअरिंग बॉक्स आणायचं ठरलं होतं, ती दुर्गाडीपर्यंत जाऊन मुकाट परत आली.

आमच्या भागातल्या जुन्या गाड्यांचं अर्ध्याहून जास्त आजारपण वयाचं नाही, पाण्याचं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना आठवतं, पण त्या दिवशी कल्याण, डोंबिवली, बदलापूरही पाण्यात होतं. नंतरचे कित्येक आठवडे शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यात बंद पडलेली गाडी ‘एकदा सेल्फ मारून बघू’ म्हणून मारली की संपलं. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी हीटर प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं, मगच पुढचं.

बंद न पडता पाण्यातून पार आलेल्या गाडीचं दुखणं उशिरा कळतं. चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढून घेते. बाहेरून काही दिसत नाही. महिन्याभराने आतून घरघर येते, तोवर बेअरिंगला गंज लागलेला असतो. म्हणून गुडघाभर पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात पुढचा-मागचा अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचा बोल्ट सैल करून ऑइल बघावं. काळसर असेल तर ठीक, दुधाच्या चहासारखं दिसलं तर सगळं काढून नवं भरावं. आणि वाहत्या पाण्यात जीप घालू नये. रायत्याच्या पुलावरून उल्हास नदीचं पाणी वाहत असताना ‘आपली तर फोर बाय फोर आहे’ म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत. चारही चाकांना जोर असून उपयोग काय, पाणी गाडीच उचलतं.

ब्रेकबद्दल मात्र काटकसरीचा शब्द काढायचा नाही, असा शेडचा नियम आहे. चिरंजीवांशी माझा वाद आहे तो इथेच येऊन थांबतो. माळशेज घाट उतरताना ज्या गाडीत नातवंडं बसणार, तिचा ब्रेक भरवशाचा करता येत नसेल तर मीच तिला भंगारात देईन, हे मी त्यांना सांगून टाकलं आहे. आमच्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पाण्यातून बाहेर आल्यावर ते काही वेळ लागतच नाहीत. पेडलवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चालवलं की वाळतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि घाटात ड्रम तापले की त्या ओलीची वाफ होऊन पेडल खाली जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ते सगळं बदलायचं, मग रंग कितीही स्वच्छ दिसो. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरावं, म्हणजे ब्रेकवर भार येत नाही.

या पावसाळ्याआधीच्या तपासणीत आमची गाडी ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढत होती. मी म्हटलं, डावा ब्रेक जास्त धरतोय, तो सैल करा. मिस्त्री उजवीकडे जाऊन मागच्या टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवून आले. हात ओला. मग तो हात त्यांनी नाकाशी नेला आणि माझ्याही नाकाशी आणला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, ब्रेक ऑइलला तो नसतो. तो उग्र होता. म्हणजे व्हील सिलिंडर ठीक, अ‍ॅक्सलचं सील गळून ऑइल लायनरवर आलं होतं, उजवं चाक धरत नव्हतं, म्हणून गाडी डावीकडे जात होती. डावा ब्रेक सैल केला असता तर गाडी सरळ थांबली असती, पण दोन्ही चाकांनी अर्धीच.

सील बदललं, तेलकट लायनर धुऊन परत न बसवता दोन्ही बाजूंचे नवे घातले, ब्रीदर बुजला होता तो तारेने साफ केला. तो बुजल्यामुळेच आतला दाब सीलवर आला होता. शेडमध्ये सध्या एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा येतो, आयटीआयचा. मिस्त्रींनी ड्रम बसवायच्या आधी त्याला बोलावलं, दोन चिंध्या दोन्ही तेलांत बुडवून त्याच्या पुढे धरल्या आणि डोळे मिटायला सांगितले. पहिल्या खेपेला त्याचं चुकलं. तिसऱ्या खेपेपर्यंत माझा चहा संपला होता, आणि चिंध्या अजून फिरतच होत्या.